गाडी बदलायचं गाव

खैरुद्दीन मुकादमांना डोंगरदऱ्यांची आवड केव्हापासून, असं कुणी त्यांच्या बायकोला, हाफिजाला विचारलं असतं, तर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की कधीपासूनच नाही. अख्खी नोकरी आखातात, फुजैरात गेली. खिडकी उघडली की समोर उघडेबोडके डोंगर उभे, पण या माणसाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं असेल तर शपथ. त्यांचं सगळं लक्ष समुद्राकडे. बंदराबाहेर जहाजं रांग लावून उभी असायची. त्यांना तेल पाजायला कुठली बार्ज, म्हणजे तेलाची सपाट बोट जाणार, कुणामागे कोण, मधे किती वेळ मोकळा ठेवायचा, हे ठरवणं हे त्यांचं काम. घरात पाहुणे जेवायला यायचे असले तरी कुठली पंगत आधी आणि कुठली नंतर, हे तेच ठरवायचे.

आणि आता हा माणूस रोज असरची नमाज झाली की चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसायचा, फोनमधला नकाशा टीव्हीवर लावायचा आणि स्वित्झर्लंडच्या छोट्या छोट्या गाड्यांबद्दल बोलायचा.

"हे बघ हाफिजा, आपला बेस कूर शहर. एकच हॉटेल, सामान हलवायची झंझट नाही. रोज नाश्ता करून निघायचं, छोटी ट्रिप मारायची, संध्याकाळी बॅक. यल्ला, खलास."

"आणि थंडी?"

"थंडी मॅनेज होते. नोव्हेंबर म्हणजे ऑफ सीझन. टुरिस्ट नाहीत, धक्काबुक्की नाही, रेट निम्मे. ट्रेनमध्ये दोघांना खिडकी."

हाफिजा मान डोलवायची. डिसेंबरअखेर खैरुद्दीन रिटायर होणार होते. कंपनी व्हिसा कॅन्सल करणार, मग बाडबिस्तरा गुंडाळून कायमचं रत्नागिरीला. जाण्याआधी नवऱ्याला एखादी हौस करावीशी वाटली तर त्यात गैर काय? पहिल्या दिवशी तिला एवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने चहा गाळता गाळता टीव्हीकडे नीट बघितलं, आणि गाळणी तिच्या हातात तशीच राहिली.

कूरहून सगळ्यात सोपी सहल अरोसाची. स्टेशनाबाहेरूनच गाडी सुटते आणि थेट वर डोंगरात नेऊन सोडते. ती यांनी पहिल्या झटक्यात उडवली. "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" म्हणाले. न बघता कसं कळलं, हे विचारायची सोय नव्हती. डिसेंटिसला जाणारी गाडी थेट होती, तर हे मधेच एका लहानशा स्टेशनावर उतरणार. तुसिसला जातानाही तिथेच उतरणार. परतीच्या वाटेवरही तिथेच. पुढची गाडी लगेच दिसत असताना ती सोडून तिच्या मागची पकडणार.

"इथे गाडी बदलायची," असं म्हणून खैरुद्दीन रिमोटचं बटण दाबायचे आणि नकाशा पुढे सरकवायचे. स्टेशनाचं नाव मात्र घ्यायचे नाहीत.

"मधे एवढा वेळ काय करायचं?"

"बफर. बार्जला ठेवतो ना, तसा. काही लेट झालं तर हाताशी असावा." मग कपात बघत ते म्हणाले, "स्टेशनसमोर कुठेतरी चहा पिऊ."

त्या स्टेशनासमोर काय आहे, हे हाफिजाला ठाऊक होतं. एक जुनी लाकडी खानावळ, वर राहायच्या खोल्या, खिडक्यांतून लाल फुलं. तिचा फोटो इंटरनेटवर होता, आणि त्या फोटोत दारात एप्रन बांधून उभी होती ती इनाया, त्यांची थोरली लेक. त्या गावाचं नाव मुकादमांच्या घरात सहा वर्षं कुणी घेतलेलं नव्हतं, तेव्हा आपणही घ्यायला नको.

इनायाला हॉटेलचं शिकायला स्वित्झर्लंडला धाडलं ते खुद्द खैरुद्दीननी. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तर त्यांनाच चार शब्द सुनावले. पोरगी शिकली, नोकरीला लागली, आणि ज्या घरच्या खानावळीत नोकरीला लागली त्याच घरच्या मुलाशी कोर्टात सही करून मोकळी झाली. फोन केला तो लग्नाआधी नाही, लग्नानंतर. त्या मुलाचं नाव हाफिजाला अजून धड उच्चारता येत नाही. उच्चारायची वेळच आली नाही.

त्या दिवशी खैरुद्दीन ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. हाफिजाला समोर बसवून एवढंच म्हणाले, "तिला फोन केलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." आणि पुढच्याच वर्षी ऑफिसात छातीत कळ येऊन पडले. दोन स्टेंट घातले. असल्या शपथांना काही अर्थ नसतो, हे हाफिजालाही कळत होतं. पण अर्थ नाही हे तपासून बघायला नवऱ्याचा जीव कोण पणाला लावणार? पहिली एकदोन वर्षं ईदला इनायाचा फोन यायचा, खैरुद्दीन नंबर बघून फोन पालथा घालायचे. मग तोही थांबला. धाकटा झुबेर उम्म अल कुवैनला एका कारखान्यात सुपरवायझर, तो या बाबतीत बापाच्या चार पावलं पुढे. त्याच्यापाशी बोलायचीही चोरी.

सगळ्यात पंचाईत झाली हाक मारण्याची. लग्नाला दोन वर्षं झाली आणि इनाया जन्मली, तेव्हापासून हाफिजा नवऱ्याला हाक मारायची ती "इनायाचे अब्बा" अशी. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आता ते कसं म्हणायचं? "झुबेरचे अब्बा" म्हणायला जीभ वळेना. तेव्हापासून ती नुसती "ऐकलंत का" म्हणायची, आणि ते ऐकायचे.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय, हे हाफिजाला कळलं, आणि आपल्याला कळलं हे नवऱ्याला कळता कामा नये, हेही कळलं. या माणसाच्या नाकावर माशी बसत नाही. तो सरळ लेकीच्या दारात जाणार नाही, पण गाडी बदलायला म्हणून उतरेल, चहा प्यायला म्हणून रस्ता ओलांडेल, आणि मग समोर कोण उभं आहे हे बघून चकित झाल्याचं सोंग करेल. करू दे. हाफिजाने मनातल्या मनात त्याला सगळी सोंगं माफ करून टाकली. तिने बॅगेत आमसुलं भरली, तांदळाचं पीठ भरलं, घरी भाजलेली नानखटाई डब्यात घातली.

"हे कशाला?" खैरुद्दीननी विचारलं.

"मला लागतं. तिकडचं खाणं सोसायचं नाही मला."

"आमसुलं?"

"पित्त होतं."

खैरुद्दीननी डबा हातात घेऊन वजन बघितलं, आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध, मऊ जागा बघून ठेवला. पुढे ते दोघं इतकं छान खोटं बोलू लागले, की लग्नाच्या पहिल्या वर्षातही एवढं गोडीगुलाबीने बोलले नसतील. व्हिसा आला. त्यावर नोव्हेंबरातल्या तारखा छापून आल्या. हाफिजा हवेत चालत होती.

तिला जमिनीवर आणलं ते शोभनाने. शोभना पुण्याची, समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची, नवरा बंदरातच कामाला. दोन वर्षांपूर्वी राहायला आल्यामुळे तिला इनाया हे नाव माहीत नव्हतं. मे महिन्यात ती टूरबरोबर युरोप बघून आली होती आणि खैरुद्दीन मशिदीत गेलेले असताना स्वेटर उसना द्यायला म्हणून आली, ती टीव्हीवर राहिलेला नकाशा बघून तिथेच बसली.

"नोव्हेंबरात जाताय भाभी? त्या महिन्यात तिथे चिटपाखरू नसतं म्हणे. आमचा टूर मॅनेजर सांगत होता. पानं गळून गेलेली, बर्फ पडलेला नाही, काहीच नाही. हॉटेलवाले स्वतःच कुलूप लावून सुट्टीवर जातात. वर्षभर पाहुण्यांचं करायचं, मग त्यांनी कधी जायचं?"

हाफिजाने टीव्हीवरच्या त्या लहानशा स्टेशनाकडे बघितलं.

दरवर्षी जुलैत आपण काय करतो? ऊन भाजायला लागलं, शाळा सुटल्या की अर्धं फुजैरा रिकामं होतं. पाण्याचा कॉक बंद करायचा, फ्रिज उघडा टाकायचा, दाराला दोन कुलपं, आणि चलो मुलूख. जुलैत कुणी आपल्याकडे आलं तर त्याला वॉचमनखेरीज कोण भेटणार? जन्मभर ऑफ सीझनला घर सोडून पळणारी माणसं आपण, आणि दुसऱ्याच्या ऑफ सीझनला तो दारात उभा असेल असं धरून चाललो. तेल भरायला आलेलं प्रत्येक जहाज ज्यांना ठाऊक, त्या माणसाच्या हिशेबात हे आलं नाही, कारण त्यांनी गाड्या बघितल्या, हॉटेलं बघितली, पण त्या एका खानावळीचं पान मात्र उघडलं नाही. उघडलं असतं तर स्वतःशीच कबूल करावं लागलं असतं की आपण कुठे चाललोय.

"एका हॉटेलचा नंबर आहे," हाफिजा म्हणाली. "ओळखीचं आहे. उघडं आहे का, विचारतेस का फोन करून? मला ते इंग्लिश जमत नाही."

हॉटेलला फोन म्हणजे काही इनायाला फोन नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली. शिवाय लावणार शोभना. शोभनाने नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. चार घंट्या वाजल्या, मग खटका झाला, आणि फुजैरातल्या त्या हॉलमध्ये इनाया बोलायला लागली.

टेप होती. जर्मन भाषा. हाफिजाला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज तोच. प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, शाळेत बक्षीस मिळालं की दारातूनच सांगत यायची तसा. मधे "नोफेंबर" आलं. पुढे "देत्सेंबर" आलं. ते मात्र कळलं, महिने कुठेही महिनेच. मग एक लांबलचक बीप वाजली आणि हाफिजाने झडप घालून फोन बंद केला. आपण श्वास जरी घेतला तरी ते बोलणं धरलं जाईल, आणि घरातल्या एका माणसाच्या छातीत पुन्हा कळ येईल, असं तिला वाटलं.

शोभनाने पुन्हा फोन लावून ते बोलणं मोबाइलच्या ट्रान्सलेटरला ऐकवलं. संपूर्ण नोव्हेंबर बंद. डिसेंबरच्या मध्याला, बर्फ पडला की पुन्हा उघडणार. निरोप ठेवावा, आल्यावर आम्ही ऐकू.

"बाई काय छान बोलते," शोभना म्हणाली. "तिथलीच असणार."

"हो," हाफिजा म्हणाली, "तिथलीच आहे."

त्यानंतरचे दिवस हाफिजाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सांगावं तर कुठल्या तोंडाने? 'खानावळ बंद आहे' म्हटलं की हे म्हणणार, 'कुठली खानावळ?' मग नाव घ्यावं लागेल. नाव घेतलं की सोंग संपलं. सोंग संपलं की हा माणूस नकाशा बंद करणार, बॅग रिकामी करणार, आणि उरलेला जन्म रत्नागिरीच्या अंगणात खुर्ची टाकून बसणार. तिथे तर दहा नातेवाईक डोळ्यात तेल घालून बघत असतात. तिथून स्वित्झर्लंडला कशाला चाललात, याचं उत्तर कुणाकुणाला देणार? आणि न सांगावं, तर गारठ्यात कुलूपबंद दारासमोर उभं राहून त्यांचा चेहरा बघावा लागेल. दोन्हीकडून मरण तिचंच.

तिने आडून आडून प्रयत्न केले.

"ऐकलंत का, डिसेंबरात गेलो तर? बर्फ बघायला मिळेल."

"डिसेंबरात हँडओव्हर आहे. शेवटच्या महिन्यात लीव्ह कोण देतं?"

"मग रिटायर झाल्यावर?"

"व्हिसावर डेट्स छापल्यात हाफिजा. आणि इकडची रेसिडेन्सी गेली की सगळं रत्नागिरीहून पुन्हा. आता नाही तर नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं. म्हणजे तेही तेवढंच जाणून होते. हाफिजा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसली.

खैरुद्दीनना घरात शिरताना खाकरायची सवय होती. बेल आहे, खिशात किल्ली आहे, तरी दाराशी येऊन आधी खाकरणार. आत बायामाणसं असतात, पुरुषाने वर्दी दिल्याखेरीज उंबरा ओलांडू नये, ही त्यांच्या वाडवडिलांची रीत. आता आत एकटी बायको, तीही चाळिशी लावून बसलेली, तिला वर्दी कसली? पण सवय ती सवय. इनाया लहान असताना ते खाकरणं ऐकलं की टीव्ही बंद करायची, पुस्तक उघडं टाकायची, आणि बापाची किल्ली खिशातून निघायच्या आत धावत जाऊन दार उघडायची. ती घरात असताना खैरुद्दीननी किल्ली कधी वापरलीच नाही. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते खाकरून, जरा थांबून, मग किल्ली लावायचे, आणि ते जरासं थांबणं हाफिजाला पहिल्यांदाच ऐकू यायला लागलं.

निघायला दोन दिवस राहिले. चहा झाला. टीव्हीवर नकाशा लागला.

"तर पहिल्या दिवशी डिसेंटिस," खैरुद्दीन म्हणाले. "जाताना इथे गाडी बदलायची. त्या दिवशी लंच बाहेरच करू, इन्शाल्ला. बफर वाढवलाय मी."

त्यांनी सकाळीच केस कापून आणले होते. दाढीला मेंदी लावली होती. नवा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, त्याची किमतीची चिठ्ठी त्यांनी स्वतः कात्रीने जपून कापली होती. हाफिजा त्या कोटाकडे बघत राहिली, आणि तिला वाटलं, नाही, हा कोट घालून या माणसाला बंद दारासमोर उभं करणं माझ्याच्याने होणार नाही.

"इनायाचे अब्बा," ती म्हणाली.

खैरुद्दीनचा रिमोट धरलेला हात हवेत राहिला. सहा वर्षांत त्या घरात हे दोन शब्द कुणी उच्चारले नव्हते. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"स्टेशनसमोर चहा मिळतो का, एवढं फोन करून विचारा. नंबर शोभनाने फोनात घालून दिलाय." तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "मी नाही बोलणार. मी कुणाशीही बोललेले नाही. तुम्ही लावा."

आता हे उठून जातील. आता फोन भिंतीवर आपटेल. आता यांचा हात छातीकडे जाईल. हाफिजाने एवढ्यात सगळं बघून घेतलं. खैरुद्दीननी यातलं काही केलं नाही. मग त्यांनी चष्मा लावला, नंबर एकेक आकडा करून वाचला, जणू बरोबर आहे का हे ते तपासत होते, आणि बटण दाबलं.

चार घंट्या वाजल्या आणि खटका झाला.

इनाया बोलत होती. खैरुद्दीननी फोन कानाला इतका घट्ट दाबला होता, की हाफिजाला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाजाचा चढउतार येत होता. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. 'नोफेंबर' त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांची नजर एकदा खुर्चीवरच्या कोटाकडे गेली आणि परत आली. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, एकदा "हॅलो" असंही म्हणाले, बंदरावर कॅप्टनशी बोलताना म्हणायचे त्या आवाजात. पण टेप कुणासाठी थांबते? ती आपलं सांगून मोकळी झाली. मग बीप वाजली.

आता बोलायचं होतं. हाफिजा पुढे झुकली. बोला, काहीही बोला, नुसतं नाव घ्या. चूक झाली म्हणा, नाहीतर शिव्या घाला, पण बोला. खैरुद्दीनचे ओठ हलत होते आणि त्यांतून काही निघत नव्हतं. एवढी जहाजं मार्गी लावणारा माणूस, त्याला पहिला शब्द सापडेना.

मग ते खाकरले.

रोज संध्याकाळी दाराशी खाकरायचे, अगदी तसेच. हाफिजाचा हात सवयीने ओढणीकडे गेला. खाकरून ते थांबले, फोन कानाशी धरून, मान जराशी पुढे घालून, आतून कुणाची पावलं येतात का ते ऐकत. काहीच आलं नाही, तेव्हा ते पुन्हा एकदा खाकरले. पलीकडून टक्कन लाइन तुटली.

खैरुद्दीननी फोन टीपॉयवर ठेवला. टीव्हीवर ते लहानसं स्टेशन अजून तसंच होतं, बटण दाबून पुढे सरकवायचं राहून गेलं होतं.

"बंद आहे," ते म्हणाले.